ट्रक खालून ओढत नाही: इनटेक मॅनिफोल्ड निवडताना आणि बसवताना कुठं चुकतं

तक्रार अशी असते. सिग्नलला पिकअप ट्रक उभा आहे, मागे ट्रेलर जोडलाय. दिवा हिरवा होतो, ॲक्सिलरेटर दाबला जातो आणि इंजिन अर्धा सेकंद काहीच करत नाही. मग एक हुंदका, कधी कार्ब्युरेटरमधून (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागातून) फट् असा आवाज, आणि त्यानंतर कुठं गाडी हलते. काटा २,८०० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पुढे गेला की मात्र ती अशी सुटते, जणू इंजिनात काही खोटच नाही. मोकळ्या गाडीला हे फारसं जाणवत नाही. भार आला किंवा चढ लागला की लगेच कळतं. कार्ब्युरेटरची सेटिंग केली की आठ दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच.

माझ्या १९७८च्या शेव्हरोले सी-१० वर हा त्रास मी तीन वेळा काढला. लक्षण तिन्ही वेळा एकच, कारण दर वेळी निराळं, आणि तिन्ही कारणं इनटेक मॅनिफोल्डपाशी, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरांना वाटणाऱ्या नळ्यांच्या ओतीव भागापाशी, सापडली. इथं मिशिगनमध्ये माझ्या ओळखीच्या दोन मराठी घरांत असेच जुने पिकअप आहेत. त्या दोघांनीही मला हाच प्रश्न विचारला, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. अमेरिकेत ‘ट्रक’ म्हटलं की बहुतेकदा हा पिकअपच असतो: मागे उघडा हौदा, पुढे पेट्रोलवर चालणारं व्ही-८ इंजिन. आपल्याकडच्या डिझेल लॉरीला यातलं सगळं जसंच्या तसं लागू होणार नाही, पण हवेच्या वाटेचं तत्त्व तेच आहे.

माझ्या गाडीत शेव्हरोलेचं ‘स्मॉल ब्लॉक’ ३५० आहे. ३५० घनइंच म्हणजे ५.७ लिटर. बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३.४८ इंच. या घराण्यातलं पहिलं इंजिन १९५५ साली आलं, ते २६५ घनइंचांचं होतं. ३५० आलं १९६७ला. माझं इंजिन मूळचं नाही. आधीच्या मालकानं १९९०च्या एका पिकअपमधून काढून ते बसवलं होतं, इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर लावला होता आणि वर ॲल्युमिनियमचा, रेसिंगच्या घाटणीचा मॅनिफोल्ड चढवला होता. गिअरबॉक्स तीन गिअरची ऑटोमॅटिक, मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण ३.०८, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.०८ फेरे. हे तपशील पुढे लागणार आहेत.

आधी मॅनिफोल्डवर संशय घेऊ नका

मॅनिफोल्ड उतरवायचा तर डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) काढा, कूलंट रिकामं करा, पॅकिंग बदला, असा दिवसभराचा खेळ असतो. त्याआधी चार-पाच गोष्टी पाहून घ्या, फुकटात होतात.

पहिलं टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते ते. पण टायमिंग लाइट लावण्याआधी क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) पुढच्या टोकाला असलेला हार्मोनिक बॅलन्सर नीट बघा. त्याच्या आतल्या तुंब्यात आणि बाहेरच्या कड्यात रबर असतं. चाळीस वर्षांत ते रबर मरतं आणि बाहेरचं कडं हळूहळू सरकतं. टायमिंगची खूण त्याच कड्यावर असते. खूणच सरकली असेल तर लाइट १० अंश दाखवेल आणि प्रत्यक्षात असेल शून्य. खात्री करायची तर पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी पिस्टन अडवणारा स्टॉप लावा, क्रँक हातानं एका बाजूनं अडेपर्यंत फिरवून खूण करा, मग उलटं फिरवून दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये खरा टॉप सेंटर (पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा) असतो. जुन्या इंजिनवर हे केल्याशिवाय टायमिंगबद्दल मी कुणाचंच म्हणणं मान्य करत नाही.

खूण खरी निघाली, तर डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून ती बुजवा आणि स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) ८ ते १२ अंश, रेस केल्यावर साधारण ३,००० आरपीएमला एकूण ३२ ते ३६ अंश मिळतात का ते पाहा. मग नळी परत जोडा. व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (या नळीतल्या ओढीनं ठिणगी लवकर आणणाऱ्या भागाचा) पडदा फाटलाय का हे तोंडानं हवा ओढूनही कळतं: ओढ टिकली तर पडदा शाबूत आहे.

दुसरं, टायमिंग चेन. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा आणि पान्यानं क्रँक पुढे-मागे हलवा. क्रँक उलटा फिरायला लागल्यापासून रोटर हलेपर्यंत पाच-सहा अंशांहून जास्त मोकळीक मिळाली तर चेन ढिली आहे. ढिल्या चेनमुळे कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) उशिरा फिरतो, इनटेकचा वॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि खालच्या आरपीएमला आत आलेलं मिश्रण थोडं परत ढकललं जातं. म्हणजे तिथंच खालची ओढ गेली. मॅनिफोल्ड कितीही चांगला आणलात तरी ती परत येणार नाही.

तिसरं, इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा आणि कार्ब्युरेटरच्या घशात बघत लिव्हर हातानं दाबा. पेट्रोलची धार त्याच क्षणी सुरू झाली पाहिजे. उशिरा आली तर ॲक्सिलरेटर पंपाचं रबर गेलंय, हुंदका तिथलाच आहे. मग कुणाला तरी आत बसवून पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि बटरफ्लाय (घशातल्या झडपा) सरळ उभे राहतात का बघा. हे हसण्यावारी नेऊ नका. पेडल पूर्ण दाबूनही बटरफ्लाय पाऊणच उघडतात अशा गाड्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

चौथं गणित आहे, आणि ते फार थोडे लोक करतात. गाडीचा ताशी वेग मैलांत घ्या, त्याला डिफरन्शियलच्या प्रमाणानं आणि ३३६नं गुणा, टायरच्या इंचांतल्या व्यासानं भागा. टॉप गिअरमधले आरपीएम मिळतात. माझ्या गाडीला ६० मैलांवर ३.०८ आणि २९ इंची टायर धरून २,१४१ येतात. याच गाडीला कुणी रुबाबासाठी ३३ इंची टायर लावले तर १,८८२ होतात. बारा टक्के ओढ केवळ टायरनं खाल्ली, इंजिनाचा काही दोष नसताना. तुमची तक्रार टायर बदलल्यानंतर सुरू झाली असेल, तर मॅनिफोल्डचे पैसे डिफरन्शियलमधल्या ३.७३च्या क्राउन-पिनियनला घाला. ३३ इंची टायरवर त्यानं साठ मैलांना २,२७९ आरपीएम मिळतात आणि गाडी पुन्हा जिवंत होते.

हे सगळं ठीक असेल आणि व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ पाऱ्याच्या इंचांत दाखवणारा) स्लोवर १७ ते २१ इंचांच्या मध्ये स्थिर उभा असेल, तरच पुढे या. उंचावर राहणाऱ्यांनी दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरावा.

पहिलं कारण: मॅनिफोल्डच चुकीच्या जातीचा

माझ्या बाबतीत वरचं सगळं ठीक निघालं. मग मॅनिफोल्डकडे नीट पाहिलं. कार्ब्युरेटर उचलून आत डोकावलं की जात लगेच ओळखता येते. खाली एकच मोठी खोली दिसली आणि तिच्यातून आठ नळ्या कोळ्याच्या पायांसारख्या सरळ सिलिंडरकडे गेलेल्या दिसल्या, तर तो सिंगल प्लेन. खोलीच्या मधोमध भिंत असली आणि एका बाजूचा तळ वर, दुसऱ्या बाजूचा खाली असं दुमजली काम दिसलं, तर तो ड्युअल प्लेन. माझा सिंगल प्लेन होता.

फरक नेमका कशानं पडतो ते सांगतो, कारण हे एकदा कळलं की दुकानातल्या जाहिरातीनं कुणी फसत नाही. या इंजिनचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२ आहे. क्रँकच्या दर ९० अंशांना कुठला तरी एक सिलिंडर हवा ओढायला लागतो, पण एकेकाचं ओढणं १८० अंशांहून जास्त चालतं. म्हणजे एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं. सगळे एकाच खोलीतून पीत असले तर हळू फिरताना एक दुसऱ्याच्या तोंडचं ओढून घेतो. ५ आणि ७ तर शेजारी-शेजारी आहेत आणि लागोपाठ येतात. ड्युअल प्लेनमध्ये ऑर्डरमधले एकाआड एक सिलिंडर वेगळे केलेले असतात: १, ४, ६, ७ एका मजल्यावर आणि ८, ३, ५, २ दुसऱ्या मजल्यावर. त्यामुळे प्रत्येक मजल्याला दर १८० अंशांना एकच ओढ मिळते आणि कुणी कुणाचं हिसकावत नाही.

दुसरी गोष्ट कार्ब्युरेटरची. कार्ब्युरेटर पेट्रोल सोडतो ते त्याच्या घशातून हवा वेगानं गेली म्हणून. ड्युअल प्लेनमध्ये प्रत्येक सिलिंडरला अर्धाच कार्ब्युरेटर दिसतो, त्यामुळे १,२०० आरपीएमलासुद्धा हवेला वेग असतो आणि जेट (पेट्रोलची बारीक भोकं) लगेच जागे होतात. सिंगल प्लेनमध्ये तीच थोडीशी हवा सगळ्या घशांत वाटली जाते, वेग मरतो, पेट्रोल उशिरा येतं. अर्ध्या सेकंदाचा जो मुका हुंदका, तो हाच. आपण पंपाचा नोझल मोठा करतो, जेट मोठे करतो, तात्पुरतं झाकलं जातं आणि मग प्लग काळे पडून तक्रार परत येते. मी हे चक्र दोनदा फिरलो.

नळीची लांबीही महत्त्वाची आहे. लांब आणि थोडी अरुंद नळी असली की तिच्यातला हवेचा स्तंभ वेग धरतो आणि वॉल्व्ह बंद होत असतानाही आत घुसत राहतो. कमी आरपीएमला लांब नळी, जास्त आरपीएमला आखूड. क्रायस्लरनं १९६०च्या ३००-एफ गाडीत ३० इंच लांबीच्या नळ्या इंजिनवरून आडव्या नेल्या होत्या. त्या ४१३ घनइंची इंजिननं २,८०० आरपीएमला ४९५ पाउंड-फूट टॉर्क (फिरवण्याची ओढ) दिला. शेव्हरोलेनं १९८५च्या कॉर्व्हेटमध्ये याच ३५० इंजिनवर लांब नळ्यांचं ट्यून्ड पोर्ट इंजेक्शन बसवलं. ३,२०० आरपीएमला ३३० पाउंड-फूट टॉर्क मिळाला, आणि ताकद मात्र ४,००० आरपीएमलाच २३० अश्वशक्तीवर थांबली. वरचा दम देऊन खालची ओढ घेतली, असा तो सौदा होता. ट्रकसाठी मला हा सौदा दर वेळी मान्य आहे.

माझा काका खंबाटकीच्या घाटातून मालाची लॉरी न्यायचा. मी लहानपणी शेजारी बसायचो. तो म्हणायचा, गाडीचा आवाज जड व्हायच्या आधी गिअर पाड, जड झाल्यावर पाडून उपयोग नाही. त्याला टॉर्कचा आलेख कुणी दाखवला नव्हता, पण इंजिन कुठल्या पट्ट्यात राबतं हे त्याच्या कानाला माहीत होतं. मॅनिफोल्ड निवडताना तोच प्रश्न विचारायचा असतो: माझी गाडी दिवसभर कुठल्या आरपीएमवर राबते? ट्रेलर ओढणारा ३५० बहुतेक वेळ १,२०० ते ३,०००च्या मध्ये असतो.

आता निर्मात्याचे आकडे त्या पट्ट्याशेजारी ठेवून बघा. एडलब्रॉकची कंपनी १९३८पासून या धंद्यात आहे, तिच्या मॅनिफोल्डवर पट्टा स्पष्ट दिलेला असतो, म्हणून तिची उदाहरणं घेतो. ‘परफॉर्मर’ हा ठेंगणा ड्युअल प्लेन स्लोपासून ५,५००पर्यंत. ‘परफॉर्मर आरपीएम’ हा उंच ड्युअल प्लेन १,५०० ते ६,५००. ‘टॉर्कर टू’ हा सिंगल प्लेन २,५०० ते ६,५००. ‘व्हिक्टर ज्युनियर’ हा रेसचा सिंगल प्लेन ३,५००च्या पुढे. टॉर्कर या नावात टॉर्क आहे म्हणून ट्रकसाठी घेणारे लोक मला भेटलेत. नाव सोडा, पट्टा वाचा. ट्रकला पहिला हवा. हलक्या गाडीत, मोठा कॅम आणि ३.७३च्या पुढचं प्रमाण असेल तर दुसराही चालतो, पण ट्रेलर ओढायचा असेल तर नको.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. ज्या जुन्या ट्रकवर जनरल मोटर्सचा मूळ ओतीव लोखंडी चार-बॅरल (चार घशांच्या कार्ब्युरेटरचा) मॅनिफोल्ड आणि क्वाड्राजेट कार्ब्युरेटर अजून शाबूत आहे, त्यांनी तो काढू नये. तोही ड्युअल प्लेनच आहे, खालच्या ओढीसाठीच घडवलेला. जड आहे, दिसायला चमकत नाही, एवढंच. क्वाड्राजेटचे पुढचे दोन घसे लहान, १ ३/८ इंचांचे, आणि मागचे दोन २ १/४ इंचांचे असतात. रोजच्या चालण्यात लहान घशांतून हवा वेगानं जाते, म्हणून ७५० सीएफएमचा (मिनिटाला ७५० घनफूट हवा सोडणारा) असूनही तो खाली हुंदका देत नाही. लोक तो काढून भंगारात देतात, चौरस घशांचा मोठा कार्ब्युरेटर आणतात आणि मग ओढ कुठं गेली म्हणून विचारतात.

नवीन कार्ब्युरेटर घ्यायचाच असेल तर हिशेब असा: घनइंच गुणिले जास्तीत जास्त आरपीएम, भागिले ३,४५६. ३५० गुणिले ५,००० भागिले ३,४५६ म्हणजे ५०६. इंजिन पूर्ण भरत नाही, ८५ टक्के धरा: ४३०. याला ६०० सीएफएमचा, मागचे घसे व्हॅक्यूमनं उघडणारा कार्ब्युरेटर भरपूर झाला. त्याच्याखाली उघड्या तोंडाचा स्पेसर (उंची वाढवणारा ठोकळा) लावू नका. त्यानं दोन मजल्यांमधली भिंत निरुपयोगी होते. ही भिंत कापून खाली करण्याचा सल्लाही मिळतो. त्यानं वरची ताकद थोडी वाढते आणि खालची जाते.

कॅमबद्दल थोडंसं. ५० हजारांश इंच उचलीवर मोजलेला, वॉल्व्ह उघडे राहण्याचा कालावधी (इनटेक/एक्झॉस्ट) २०४/२१४ अंशांच्या आसपास असलेला कॅम ट्रकला सुखाचा. २२४/२३०चा कॅम आत असेल तर इनटेक इतक्या उशिरा बंद होतो की ठेंगणा मॅनिफोल्ड लावूनही खालचं दुखणं पूर्ण जात नाही.

माझं इंजिन १९९०चं, म्हणजे हेड (सिलिंडरांवरचे, वॉल्व्ह असलेले भाग) ‘स्वर्ल पोर्ट’ जातीचे. त्यांच्या इनटेक वाटेत एक कड ओतलेली असते, ती मिश्रणाला भोवरा देते. खाली जळण छान होतं, पण ४,००० आरपीएमच्या पुढे तीच कड हवा अडवते. अशा हेडवर ३,५००ला जागा होणारा मॅनिफोल्ड लावणं म्हणजे दोन्हीकडून नुकसान. ठेंगणा ड्युअल प्लेन आणला, बसवला, आणि पहिल्याच सिग्नलला फरक कळला. ट्रेलरसकट गाडी १,४००लाच उचलायला लागली.

दुसरं कारण: दोन महिन्यांनी तोच हुंदका

आनंद दोन महिने टिकला. मग स्लो डळमळायला लागला, गेजचा काटा १८वरून १४वर आला आणि हुंदका परत. या वेळी इंजिन मॅनिफोल्डच्या सांध्यातून हवा ओढत होतं.

बसवताना एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिचा अर्थ लावला नव्हता. काढलेल्या जुन्या मॅनिफोल्डची मधली चार भोकं कानशीनं लांबट केलेली होती. मला वाटलं, कुणीतरी ओबडधोबड काम केलंय. खरं कारण हेडमध्ये आहे. १९८६पर्यंतच्या ओतीव हेडना मॅनिफोल्डचे बाराही बोल्ट बसायच्या पृष्ठाला काटकोनात जातात. १९८७ ते १९९५च्या ओतीव हेडना मधले चार बोल्ट ९०ऐवजी ७२ अंशांत जातात. १९९६पासूनच्या व्होर्टेक हेडना बारा बोल्टच नाहीत, आठ आहेत, आणि त्यांची जागाही वेगळी. मी आणलेला मॅनिफोल्ड जुन्या हेडसाठीचा होता. मधले बोल्ट अडत होते, मी ते जोर लावून आवळले. टॉर्क पाना ‘कट्’ म्हणाला, पण तो भोकाच्या कडेला अडकलेला बोल्ट बोलत होता. पॅकिंगवर दाब आलाच नव्हता.

हेड कुठल्या काळातले हे काहीही न उघडता ओळखता येतं. वॉल्व्ह कव्हरचे बोल्ट कव्हरच्या कडेनं असतील तर जुने. कव्हरच्या पाठीवर मधोमध एका ओळीत असतील तर १९८७नंतरचे. गाडीच्या कागदावरचं साल बघून मॅनिफोल्ड मागवू नका, कव्हरचे बोल्ट बघून मागवा. या ट्रकमधली इंजिनं एवढ्या वर्षांत कितीदा बदलली असतील ते कागद सांगत नाहीत. मधले बोल्ट ७२ अंशांत घेणारे मॅनिफोल्ड सरळ मिळतात.

गळती शोधायची कशी? वरच्या बाजूची सोपी आहे. इंजिन स्लोवर ठेवून, न पेटवलेल्या प्रोपेनची बारीक नळी मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावरून फिरवा. जिथं आरपीएम बदलले तिथं फट. अग्निशामक हाताशी असू द्या आणि गॅरेजचं दार उघडं. पण माझी गळती वरून सापडेना. ती खालून होती, इंजिनच्या पोटाकडून. तिथं प्रोपेन पोचत नाही. त्याची परीक्षा वेगळी: पीसीव्ही वॉल्व्हची (क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या पोटातली हवा मॅनिफोल्डकडे नेणारी) नळी काढून दोन्ही तोंडं बुजवा, दुसऱ्या कव्हरचं श्वासाचं तोंडही बुजवा, आणि तेल घालायच्या तोंडावर तळवा ठेवा. निरोगी इंजिनात तिथं हळूहळू दाब साठतो. तळवा आत ओढला गेला तर मॅनिफोल्ड खालच्या बाजूनं क्रँककेसमधली तेलकट हवा पितोय. माझा तळवा चिकटला. उतरवल्यावर तिसऱ्या सिलिंडरची नळी तेलानं ओली होती, त्याचा प्लगही.

दुसऱ्या खेपेला बसवताना काय केलं ते क्रमानं सांगतो. आधी पॅकिंगशिवाय मॅनिफोल्ड नुसता ठेवून बघितला. सगळे बोल्ट बोटांनी, न अडता जायला हवेत. चारही कोपऱ्यांत फिलर गेज घालून फट सारखी आहे का पाहिली. हेड घासून सपाट केलेले असतील तर कोन बिघडतो आणि वर टेकलेला मॅनिफोल्ड खाली उघडा राहतो. पुढच्या-मागच्या भिंतींवरच्या बुचाच्या पट्ट्या पॅकिंगच्या पाकिटात येतात, त्या फेकून दिल्या. त्या मॅनिफोल्डला वर उचलून धरतात. त्याऐवजी सहा मिलिमीटर जाडीची सिलिकॉनची सलग रेघ ओढली. बोल्ट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, २५ ते ३० पाउंड-फुटांपर्यंत. व्होर्टेकवाल्यांनी हा आकडा वापरू नये, तिथं शेवटची फेरी फक्त ११ पाउंड-फुटांची असते. डिस्ट्रिब्युटर काढताना रोटरचं तोंड कुठं होतं त्याची खूण करायला विसरू नका.

तिसरं कारण: थंडी

डिसेंबरात तिसऱ्यांदा तेच. पण या वेळी एक फरक होता: वीस मिनिटं चाललं की दुखणं पूर्ण जायचं. उणे दहा सेल्सिअसला सकाळी हुंदके, फट्फट्, आणि गावाबाहेर पडेपर्यंत गाडी शहाणी.

या हेडमधून इनटेकच्या मधल्या दोन पोर्टांच्या मध्ये एक एक्झॉस्टची वाट मॅनिफोल्डच्या पोटाखालून जाते. गरम वायू तिथून फिरतो, खोलीचा तळ तापतो आणि पेट्रोलची वाफ होते. पॅकिंगच्या पाकिटात ही वाट बुजवणारे पत्र्याचे तुकडे होते, ते मी लावले होते. थंड हवा दाट, दाट हवेत ताकद जास्त, हे बरोबरच आहे, पण रेसच्या गाडीसाठी. मिशिगनच्या हिवाळ्यात थंड ॲल्युमिनियमवर पेट्रोल थेंब होऊन साचतं. ॲक्सिलरेटर दाबला की हवा धावते, पेट्रोल तळाशी बसून राहतं. दुमजली मॅनिफोल्डच्या वाकड्या वाटांत हे आणखी वाढतं.

वाट मोकळी केली. उजव्या बाजूच्या एक्झॉस्टवरची हीट रायझर झडप (गरम वायू त्या वाटेनं वळवणारी) गंजून उघडीच अडकली होती, ती सोडवली. एअर फिल्टरच्या डब्याला एक्झॉस्टवरून गरम हवा आणणारी पन्हळ परत जोडली. शून्याच्या थोडं वर, दमट हवेत कार्ब्युरेटरच्या घशात बर्फ धरतो, तिथं हीच पन्हळ वाचवते. जुन्या हेडमध्ये ती वाट काजळीनं गच्च भरलेलीही सापडते. तेव्हा मॅनिफोल्ड उतरवलाच आहे तर तार घालून बघा.

म्हणूनच नळ्यांच्या खालून मोकळी हवा खेळवणारे जे मॅनिफोल्ड मिळतात, ते थंड मुलखात रोजच्या ट्रकला मी सुचवत नाही. टेक्सास, ॲरिझोनाला राहणाऱ्यांनी उलट करावं. तिथं कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतं, गरम इंजिन पुन्हा सुरू होता होत नाही, तिथं वाट बुजवलेली बरी.

पाचशे मैल झाल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, मॅनिफोल्डचे बोल्ट त्याच क्रमानं पुन्हा तपासा. माझे मधले चारही थोडे वळले. त्यानंतर गेल्या दोन हिवाळ्यांत काटा १८वरून हललेला नाही.

ओळखीच्या त्या दोन घरांपैकी एकाचा प्रश्न टायरचाच निघाला. दुसऱ्यानं बारा बोल्टांचा ड्युअल प्लेन मागवून ठेवला होता. मी फोनवर त्याला बोनेट उघडायला लावलं आणि मॅनिफोल्डच्या एका बाजूला किती बोल्ट आहेत ते मोजायला सांगितलं. चार निघाले, म्हणजे हेड व्होर्टेकचे. त्याचं खोकं अजून फोडलेलं नव्हतं, त्यामुळे परत करता आलं.